टोपलीवाल्याची छत्री

१

नवी बुरशी आली की आधी तिचा वास घ्यायचा, ही त्या बुरशी विभागातली जुनी रीत होती. रंग नंतरही बघता येतो, बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, वाळक्या तुकड्यातूनसुद्धा पुष्कळ काही काढता येतं. वास मात्र ताज्या छत्रीलाच, म्हणजे भूछत्रालाच, असतो आणि ती वाळली की कायमचा जातो. म्हणून पार्सल फोडल्या फोडल्या छत्री काचेच्या वाडग्याखाली झाकायची, थोडा वेळ वास साठू द्यायचा, मग एकेकानं वाडगा उचलून नाक खाली न्यायचं. एकमेकांशी बोलायचं नाही. तिघांचं झालं की आपापलं सांगायचं. कुणी म्हणे मुळा, कुणी ओलं पीठ, कुणी कच्चा बटाटा. दोघांचं जुळलं की तो वास वर्णनात जायचा.

तिघं म्हणजे छत्रीबाई, चित्रकार आणि साहेब. छत्रीबाईंचं खरं नाव कार्यालयात कुणी घेत नसे. पावसाळ्यात बाहेर नेलेली छत्री त्यांनी जन्मात कधी आठवणीनं घरी परत आणली नव्हती. पण जगभरातल्या कुठल्या कोपऱ्यात कुठल्या लाकडावर कुठलं भूछत्र उगवतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. चित्रकार त्या भूछत्रांची चित्रं काढायचे आणि काढताना तोंड बंद ठेवणं त्यांना जमत नसे. साहेब विभागाचे प्रमुख. त्यांना बारमाही सर्दी होती, पण आपली पाळी ते सोडत नसत. "साहेबांचं नाक सहीपुरतं आहे," असं चित्रकार म्हणायचे, अर्थात साहेब खोलीत नसताना.

कोपऱ्यातल्या कपाटात एक जुनं पाकीट होतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते दाखवलं जाई. त्यातल्या बुरशीचं नाव होतं 'सुगंधी', आणि तिला वास कधीच नव्हता. कुणा जुन्या विद्वानानं ती फळीवरून न सोडवताच हुंगली होती, आणि फळी होती साबणाच्या खोक्याची. तेव्हापासून विभागात एक वाक्य चालत आलं होतं: आधी बैठक सोडवा, मग नाक लावा. छत्री ज्यावर उगवते, जे खाऊन वाढते, ती तिची बैठक. लाकूड असेल, पाचोळा असेल, शेण असेल. चूक उघड झाल्यावरही 'सुगंधी'चं नाव मात्र तसंच राहिलं. एकदा नमुन्यासकट छापून आलेलं नाव शोभत नाही एवढ्या कारणावरून बदलता येत नाही, असा या शास्त्राचा नियम आहे.

तर त्या दिवशी सकाळी उत्तरेकडच्या एका बंदरातून पार्सल आलं. होडीच्या मोडक्या वल्ह्यावर उगवलेली छत्री होती. अंगठ्याएवढी, पांढरीशुभ्र, कडा आत वळलेल्या, देठाला निळसर झाक. छत्रीबाईंनी ती चाकूनं लाकडापासून अलगद सोडवली, लाकडाचा कणसुद्धा राहू दिला नाही, आणि वाडग्याखाली ठेवली. साहेबांनी हुंगलं. चित्रकारांनी हुंगलं, मग रीत मोडून पुन्हा एकदा हुंगलं. शेवटी छत्रीबाईंनी वाडगा उचलला, खाली वाकल्या आणि टेबलाची कड धरून तशाच राहिल्या.

"मला तर काहीच नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही सांगा."

"आमच्या ताईचा रेनकोट," चित्रकार म्हणाले आणि स्वतःच चपापले. "हसू नका हो. शाळेत जाताना ती मला तिच्या रेनकोटात घ्यायची. रबराचा वास, आणि तिच्या खिशात पेन्सिलीची सालं असायची त्यांचा. अगदी तोच."

"आणि छत्रीबाई, तुम्हाला?"

"नक्की नाही सांगता येत," छत्रीबाई म्हणाल्या. त्या खोलीत त्या पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या.

२

त्यांना आला होता तो त्यांच्या नवऱ्याचा वास.

मशीनचं तेल, दाढीचा साबण आणि ओला वेत. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. सुट्टी असली की बायकोबरोबर रानात जायचे, कारण तिला दोन्ही हात मोकळे लागत आणि वेताची टोपली कुणीतरी धरायला हवी असे. ती गुडघ्यावर बसून एखादं कुजकं खोड तासभर न्याहाळायची. ते रानाच्या कडेला टोपली हातात धरून पाठमोरे उभे राहायचे आणि पक्ष्यांना शीळ घालून उत्तरं द्यायचे. सगळे त्यांना टोपलीवाले म्हणत. ते तिला मास्तरीण म्हणत, कारण एक छत्री विचारली की ती अख्खा धडा शिकवायची.

बुरशी खाते कशी, हे तिनं त्यांना लग्नानंतर लगेच समजावलं होतं. आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशीचं उलटं असतं. ती बाहेरच्या बाहेर वस्तू विरघळवते आणि मग तो रस ओढून घेते. टोपलीवाल्यांनी मान डोलावली होती. "म्हणजे आपल्या लग्नासारखंच की, मास्तरीण. आधी मला बाहेरच्या बाहेर विरघळवलंस आणि मग घरात घेतलंस." पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर ते हा विनोद करत राहिले, आणि तिनं दर वेळी डोळे मोठे केले.

ते गेल्यावर कपाटात त्यांचा एक स्वेटर उरला होता. छत्रीबाई तो कधी कधी नाकाशी धरायच्या. मग एकदा त्या तापानं पडलेल्या असताना लेकीनं घर आवरलं आणि कामाच्या भरात स्वेटर धुऊन, घडी करून ठेवला. छत्रीबाई न्हाणीघराचा नळ सोडून आत बसून पोटभर रडल्या.

आणि आता तो वास एका काचेच्या वाडग्याखाली होता.

संध्याकाळी लेक आली, तेव्हा त्यांनी तिला सांगून टाकलं. लेक गावातच वेगळी राहायची, पण तिच्याकडे या घराची किल्ली होती आणि ती वारा यावा तशी कधीही आत यायची.

"चिमटे, बस. मला नवी जात सापडलीय. तिला तुझ्या बाबांचं नाव द्यायचंय."

लहानपणी सगळ्यांना चिमटे काढायची म्हणून ती चिमटी. "खरंच?" तिचे डोळे भरून आले. "पण त्यांचं नाव चालतं?"

"स्वतःचं द्यायची रीत नाही, दुसऱ्याचं चालतं. 'टोपलीवाल्याची' म्हणून देणार. शब्द दिला होता मी त्यांना. इतकी वर्षं माझी टोपली उचलली, बदल्यात एक छत्री तरी."

मग त्यांनी वासाचं सांगितलं. लेक हसली नाही. बराच वेळ आईचा हात धरून बसली आणि म्हणाली, "आई, मलाही घेऊ दे ना वास. एकदाच."

"देईन की," छत्रीबाई म्हणाल्या.

दाराजवळच्या खुंटीवर ती टोपली होती. छत्रीबाई अजूनही तिच्यातूनच जेवणाचा डबा कार्यालयात न्यायच्या.

३

पुढच्या काही आठवड्यांत तीच छत्री आणखी दोन ठिकाणांहून आली. एक डोंगराळ मुलखातून, तिथल्या वनरक्षकानं घरच्या खाटेच्या पायावरून काढून पाठवलेली. दुसरी एका कोरड्या बेटावरून, चांभाराच्या लाकडी साच्यावर उगवलेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही हुबेहूब सारख्या निघाल्या. हीच गोष्ट छत्रीबाईंना खटकली. बुरशी खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असते. ठराविक झाड सोडून दुसऱ्याला तोंड लावत नाही. इथे तीन मुलूख, तीन तऱ्हेची लाकडं. त्या लाकडांत सारखं एवढंच दिसत होतं की तिन्ही कुणाच्या तरी हातापायांखालून रोज जाणारी होती.

वासाचाही मेळ बसत नव्हता. बेटावरच्या माणसानं कळवलं होतं, 'धाकट्या भावाच्या उशीचा'. वनरक्षकानं कळवलं होतं, 'माझ्या लहानपणच्या घोड्याचा'. घोड्याचा वास म्हणजे नेमका कसला, घामाचा की गवताचा, हे विचारायला छत्रीबाईंनी त्याला फोन लावला. दोघांना जेमतेम येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलणं झालं.

"घोडा?" तो म्हणाला. "आमच्याकडे कधी घोडा नव्हता."

"तुम्हीच कळवलंय तसं."

"चुकून लिहिलं असेल."

त्याच्या मागून एका बाईचा आवाज आला. त्यानं फोनवर हात ठेवला. परत बोलला तेव्हा त्याचा सूर बदललेला होता.

"बायको म्हणते भिंतीवर फोटो आहे. मी घोड्यावर बसलोय म्हणते." भिंतीपाशी जाऊन आल्यावर तो म्हणाला, "आहे खरा. कुणाचा घोडा आहे, कुणास ठाऊक."

छत्रीबाईंनी आभार मानून फोन ठेवला. माणसं विसरतात, त्या स्वतःशी म्हणाल्या. वय होतं, थंडी असते, कधी एखादा घोट जास्त होतो.

इकडे बरण्यांचं वेगळंच चाललं होतं. नव्या बुरशीला बरणीत वाढवून बघायचं असतं. छत्रीबाईंनी तिला भुसा दिला, कोंडा दिला, बटाट्याचं पाणी दिलं. ती कशालाच लागेना. सोबत एक रिकामी बरणी असते, तुलनेसाठी. तिच्यात नुसतं पाणी आणि जेली, खायला काही नाही. फळीवर जागा नव्हती म्हणून ती छत्रीबाईंच्या टेबलावर, त्यांच्या खुर्चीसमोर राहिली होती. छत्री उगवली ती तिच्यात. एक काढली की दुसरी येई.

"अहो, पण ती खाते काय?" साहेबांनी रुमालातून विचारलं.

"हवा खात असेल," चित्रकार म्हणाले. "बिनपगारी आहे, ठेवून घ्या."

छत्रीबाई हसल्या. हल्ली त्या सगळ्यांच्या आधी कार्यालयात येत, दार लोटून घेत आणि बरणीचं झाकण काढत. डोळे मिटले की टोपलीवाले इतके जवळ असत की त्यांच्या गळ्याची ऊब गालाला लागे. मग त्या दिवसभर खुशीत असत.

४

फोन चित्रकारांच्या टेबलावर होता. तो वाजला तेव्हा ते देठाची निळी छटा जुळवत बसले होते. दुसऱ्या छत्रीचं चित्र, तिसऱ्या छत्रीचं चित्र असं करत त्यांनी हल्ली सगळ्या ताज्या छत्र्या स्वतःच्या नाकाखाली ठेवून रंगवल्या होत्या.

"नाही हो," ते फोनवर म्हणत होते. "नाही बाई, चुकीचा नंबर लागलाय. अहो, असं काय करता? रडू नका. मी कुणाचा भाऊ नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून बसले.

"कोण होतं?" छत्रीबाईंनी विचारलं.

"काय माहीत. रोज फोन करते. माझं नाव बरोबर घेते, घरातलं नाव, लहानपणचं. कुठून काढलं असेल?" ते हसले, पण हसणं नेहमीचं नव्हतं. "म्हणे, मी ताई बोलतेय."

"तुमची ताई," छत्रीबाई म्हणाल्या.

"मला ताई कुठाय?"

छत्रीबाईंना आधी वाटलं, चेष्टा आहे. चित्रकारांची ताई दर उन्हाळ्यात येई, सगळ्यांसाठी लोणच्याची बरणी आणी आणि भावाच्या वाढलेल्या केसांवरून त्याला सगळ्यांदेखत रागावे. छत्रीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चेष्टा करणाऱ्याचे ओठ जरा तरी हलतात.

"आणि तो रेनकोट?" त्यांनी हळूच विचारलं. "पेन्सिलीची सालं?"

"कुठला रेनकोट?" चित्रकारांनी कुंचला पाण्यात बुडवला. "तुम्हीही आज काहीतरीच विचारताय, छत्रीबाई."

साहेबांनी रुमालात जोरात शिंक दिली. त्या खोलीत त्यांचं तेवढं ठीकठाक होतं.

५

त्या दिवशी घरी आल्यावर छत्रीबाईंनी दिवा लावला नाही. खुर्चीत बसून त्या आठवू लागल्या, सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत नेतात तशा, एकही जागा न सोडता.

टोपलीवाल्यांचं कपाळ आठवलं. चालण्याची ढब आठवली. शीळ? शीळ घालायचे, हे माहीत होतं. पण कानात काही वाजलं नाही. ते मला काय म्हणून हाक मारायचे? काहीतरी म्हणायचे. लाडाचं होतं, चिडवायचं होतं. बुरशी आधी पचवते, मग ओढून घेते, हे सांगितल्यावर ते काहीतरी म्हणाले होते आणि मी डोळे मोठे केले होते. डोळे मोठे केलेले आठवत होते. कशावरून केले, ते कुठेच नव्हतं. तिथे छिद्र पडलं होतं आणि छिद्राच्या कडा अगदी स्वच्छ होत्या.

वय, त्यांनी स्वतःला बजावलं. दुःख. झोप कमी. मग विभागातलं ते जुनं वाक्य त्यांच्या मनात आलं.

आधी बैठक सोडवा, मग नाक लावा.

लाकूड कुजताना जो वास येतो, तो लाकडाचा असतो. ते विरघळत असतं म्हणून वास सुटतो. सगळ्या नव्या माणसांना हे सांगून आपण 'सुगंधी'वर हसलो. आणि स्वतः काय केलं? चाकूनं वल्ह्याचा कणन् कण सोडवला आणि समजलो, बैठक सुटली. रिकाम्या बरणीत खायला काही नव्हतं. बरणीसमोर, रोज सकाळी, मी होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बरण्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं. एकच छत्री ठेवायची आणि वाळवायची, कारण वाळलेल्या मूळ नमुन्याशिवाय नाव लागत नाही, आणि आधीच्या तिन्ही छत्र्या चित्रासाठी ताज्या ठेवता ठेवता सडून गेल्या होत्या. ठरवलं खरं, पण सकाळी बरणी हातात घेतल्यावर, आता शेवटचं, असं म्हणून त्यांनी झाकण उघडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही शेवटचं म्हणाल्या. काय जातंय ते त्यांना ठाऊक होतं. पण जाताना तरी तो माणूस त्यांच्या शेजारी बसत होता, आणि तसं आता दुसऱ्या कशानंही होणार नव्हतं.

मग एका दुपारी कार्यालयात लेकीचा फोन आला. "आई, माझं शिवणयंत्र अडकलंय. बाबांचे स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या पेटीत आहेत गं?"

"स्क्रू-ड्रायव्हर?" छत्रीबाई म्हणाल्या. "ते कशाला ठेवतील? त्यांचा काय संबंध?"

"आई," लेक म्हणाली, "मी तुझ्याकडे येते. तू तिथेच थांब."

६

फोन ठेवल्या ठेवल्या छत्रीबाईंनी बरण्या उकळत्या पाण्यात टाकल्या. टेबलावरच्या बरणीतली छत्री तेवढी उचलली आणि वाळवणीच्या खोलीत नेली. ती आतली खोली. खिडकी नाही, एक बल्ब, फळ्यांवर पाकिटं आणि भिंतीशी पंखा बसवलेलं गरम हवेचं कपाट. दुपारची वेळ होती; साहेब बैठकीला गेले होते, चित्रकार जेवायला. छत्रीबाईंनी छत्री जाळीवर ठेवली, बटण दाबलं आणि लगेच बाहेर पडायला वळल्या. तोच बाहेर लेकीची पावलं वाजली. तिचं चालणं त्या लांबूनही ओळखत.

"आई? आत आहेस का?"

त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"चिमटे, तिथेच थांब. आत येऊ नकोस."

"तीच आहे ना? बाबांची?" लेकीचा आवाज दाराला चिकटला. "तू म्हणाली होतीस मला देईन म्हणून. आई, तू मला एकटीला बाहेर ठेवू नकोस. तू विसरायला लागलीयेस, मला कळतंय. निदान मला तरी एकदा घेऊ दे."

"म्हणूनच नको म्हणतेय. नाक झाक आणि बाहेर अंगणात जा."

कपाट तापलं. वाळताना छत्री असेल नसेल तो सगळा वास एकदम सोडते. इतक्या वर्षांत त्यांनी ते शेकडो वेळा बघितलं होतं. मशीनचं तेल, साबण, ओला वेत. खोली गच्च भरली. दाराखाली बोटभर फट होती.

"येतोय," बाहेरून लेक म्हणाली. तिनं दाराखालून ओढलेला लांब श्वास आतवर ऐकू आला. मग अगदी वेगळ्या, गोंधळलेल्या आवाजात, "आई, पण हा बाबांचा नाहीये. हा तुझा आहे. तू मला निजवताना यायचा तो. तुझ्या पदराचा."

छत्रीबाईंनी अंगातला कामाचा कोट ओरबाडून काढला, गुडघ्यांवर बसून त्याचा बोळा फटीत कोंबला आणि वरून दोन्ही तळहात दाबून धरले. कपाट बंद करता आलं असतं. पण मध्येच बंद केलं तर अर्धवट वाळलेली छत्री सडते, आणि ती सडली की नमुना गेला आणि त्याच्याबरोबर नावही. दार उघडता आलं असतं, पण दारापलीकडे लेक होती. आत राहिलं की टोपलीवाल्यांचं जे उरलंय ते जाणार. त्यांनी तोंडानं श्वास घेऊन बघितला. त्यानं काही फरक पडला नाही.

"जा गं," त्या दाराला म्हणाल्या. "जा, माझी बाय."

पावलं लांब गेली. मागे पंखा घरघरत होता. त्या घरघरीत, खालच्या पट्टीत, कुणीतरी शीळ घालत होतं.

छत्रीबाईंनी मान वळवली. फळ्यांच्या टोकाला, जिथे बल्बचा उजेड पोचत नव्हता, तिथे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. हातात टोपली होती. घाई नसल्यासारखं, कुणाचं तरी काम उरकण्याची वाट बघत उभं होतं. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. आता ते वळतील, त्यांना वाटलं, आणि ती हाक मारतील.

तो माणूस वळला. चेहरा अगदी साधा होता, भला होता, कपाळावर थोडा घाम होता. तो त्यांच्याकडे बघून हसला आणि काही बोलला. छत्रीबाई पदर सावरत उठल्या आणि परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीनं म्हणाल्या,

"आपण कोणाकडे आलात?"

७

नाव रीतसर छापून आलं. वर्णनात वासापुढे 'नाही' असं होतं. चित्रकारांना आता त्या छत्रीचा कसलाही वास येत नव्हता, छत्रीबाईंनाही नाही. तिघांचं जुळलं होतं. या छत्रीला नाक लावू नये, अशी एक ओळ छत्रीबाईंनी शेवटी घातली होती. कारण सांगता येत नाही ते शास्त्र नव्हे, असं म्हणून साहेबांनी ती काढून टाकली.

"टोपली कशावरून हो, छत्रीबाई?" चित्रकारांनी विचारलं. "ही तर टोपलीसारखी दिसत नाही."

छत्रीबाईंनी चित्र लांब धरून बघितलं. कुणाला तरी शब्द दिला होता, एवढं त्यांना माहीत होतं. "उलटी धरली तर थोडीफार," त्या म्हणाल्या.

"असू दे, आता बदलता येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पाकीट 'सुगंधी'शेजारी ठेवून दिलं.

संध्याकाळी घराची घंटा वाजली. दारात लेक उभी होती. किल्ली तिच्या हातात होती, तरी तिनं घंटा वाजवली होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, "येऊ का?" म्हणाली, आणि आत आल्यावर खुर्चीच्या कडेवर बसली.

"नाव छापून आलं," छत्रीबाई म्हणाल्या. "टोपलीवाल्याची. हे टोपलीवाले म्हणजे तुझे बाबा ना? मला सांगशील त्यांच्याबद्दल?"

लेकीनं सांगितलं. शिवणयंत्रांचं सांगितलं, रानातल्या शिळेचं सांगितलं, पाहुण्यांसमोरच्या विनोदाचं सांगितलं. "मास्तरीण म्हणायचे ते तुम्हाला," ती म्हणाली. सांगताना ती रडत होती. छत्रीबाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. ओळखीच्या कुणाच्या घरातली चांगली गोष्ट ऐकावी तसं त्यांना वाटत होतं. भला माणूस असावा, असं मनात आलं. 'तुम्हाला' हा शब्द त्यांना त्यानंतर जाणवला.

"चिमटे," त्या म्हणाल्या.

लेकीनं मागे वळून बघितलं, कुणाला बोलावलं म्हणून.

दाराच्या फटीत कोट उशिरा कोंबला होता. किती उशिरा, ते आता त्यांना दिसत होतं. "निजताना मी तुला काय म्हणायचे, आठवतं?" त्यांनी विचारलं. "ताप आला होता तेव्हा कुणी मांडीवर घेतलं होतं?"

लेक आठवू लागली. तिनं मनापासून प्रयत्न केला, हे तिच्या कपाळावर दिसत होतं. मग ती कसनुसं हसली. "मी चहा ठेवू का?"

"राहू दे. बस." छत्रीबाईंनी तिचा हात हातात घेतला. तो थोडा आखडला, पण तिनं काढून घेतला नाही. "तू मला त्यांचं सांगितलंस. आता मी तुला तुझ्या आईचं सांगते. माझ्याकडे सगळं आहे. तू फार चिमटे काढायचीस, तिथून सुरू करते."

त्या सांगत राहिल्या. लेक ऐकता ऐकता पुढे सरकली, खुर्चीच्या कडेवरून आत बसली. टेबलावर, दोघींच्या मध्ये, वेताची टोपली होती. कार्यालयातून आल्यावर डबा काढून ठेवला तेव्हापासून तशीच राहिलेली. विणीच्या फटींतून आत काहीतरी पांढरं दिसत होतं, अंगठ्याएवढं, कडा आत वळलेलं.

ते दोघींनाही दिसलं. पाणी उकळायला ठेवायला हवं, टोपली बाहेर न्यायला हवी, हे छत्रीबाईंना माहीत होतं. पण कुणीच उठलं नाही. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं, आणि एकमेकींच्या नकळत, हळूच, नाकानं श्वास आत घेतला.